हूल

बाबा,

काल मुलीने अभ्यास करताना विचारलं, "मम्मी, हूल म्हणजे काय?" मी सांगितलं, कबड्डीत एकीकडे जायचं दाखवून भलतीकडेच झेपावायचं, ती हूल. मग शब्दकोशात तिला सापडलं की हूल उठते म्हणजे अफवा पसरते, आणि हूल देणं म्हणजे चकवणं. "मग हे चीटिंगच ना?" तिने विचारलं. मी तिला पुढचा शब्द बघायला लावला.

तू खाडीवरून यायचास आणि अंगावरच्या मिठासकट मैदानात उभा राहून आम्हा गावच्या मुलींना कबड्डी शिकवायचास. एकदा मला स्पर्श झालेला असताना मी नाही म्हणून रेटलं. तू सगळ्यांसमोर मला बाहेर बसवलंस. घरी मी रुसून म्हटलं, "तूच तर चकवायला शिकवतोस." तू जाळं विणता विणता म्हणालास, "हूल येगली, फसवनूक येगली. समोरच्याला म्हाईत असतं का तू खेलाला आलीस. तो सावध हाय. ज्याला म्हाईतच नाय, त्याला कसली हूल देशील?"

पुढे आपलं घर पाडून इमारत उठवायचं ठरलं. भावकी तयार झाली, तू एकटाच अडलास. मी न्हावा शेव्याच्या एका ऑफिसात दिवसभर कागदच हाताळते, म्हणून सगळ्यांनी मलाच पुढे केलं. तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या फॉर्मांमध्ये मी बिल्डरचा कागद सरकवला. "इथं सही कर बाबा, इथं पण." तू विचारलंस, "वाचलास ना तू?" मी हो म्हणाले. माझ्या बोटाच्या आधाराने तू सही केलीस.

नंतर आठ दिवसांसाठी म्हणून तुला माझ्या उलव्याच्या फ्लॅटवर आणलं. त्याच आठवड्यात घर पाडलं. तू रोज सांगायचास, खिडक्या उघडून ठेवा, भिंतींना ओल येल. मी रोज मान हलवायचे. आठ दिवसांचे पाच महिने झाले आणि तू गेलास. घर पाडल्याचं तुला कळलं नाही, असंच मी सगळ्यांना सांगत आले.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, पण एक गोष्ट लिहून ठेवते. तुझा होडीवरचा जोडीदार एकदा मासळी घेऊन तुला भेटायला आला होता. तो घराचं बोलेल म्हणून मी त्याला दारातूनच परत पाठवलं, तू झोपलायस म्हणून सांगितलं. तू जागाच होतास. आतून विचारलंस, "कोन आलाय गो?"

मी म्हटलं, "कुरियरवाला."