नववं प्रकरण

सोमवार, ९ फेब्रुवारी

जिंकले! समितीने एकदाची मान डोलावली. कलामहोत्सवात यंदा नुसती नाचगाणी नाहीत, आदिवासी लेखिकेचं वाचनही. "ग्रंथपालबाई, माणसं जमवायची जबाबदारी तुमची हं," अध्यक्ष म्हणाले. जमवीन की!

वाचन जुन्या वसतिगृहाच्या जेवणघरात – आता त्याला सभागृह म्हणायचं. लेखिकाबाई लहानपणी भावाबरोबर तिथेच राहिल्या. बाबा तिथले अधीक्षक, आमचं घर भिंतीला भिंत लागून. बाबा आता चौऱ्याऐंशीचे, पण ऐकून पोरासारखे खूश. "माझी मुलगी येतेय!" म्हणजे ती, मी नव्हे!

बुधवार, ११

पुस्तक पोस्टाने आलं. आधी बोलावलं, मग वाचलं – माझी जुनी खोड. आठ प्रकरणं हसतखेळत संपवली. नववं भावाचं. वय अकरा. आपल्या बोलीत बोलला म्हणून धान्याच्या कोठीत कोंडला, शुक्रवारी दुपारी. बाकीची मुलं सुट्टीला घरी गेलेली, लेखिकाबाईही. दार रविवारी उघडलं. अंगात फणफणून ताप. आठवड्यात गेला.

कोंडणाऱ्याचं नाव नाही, नुसतं 'अधीक्षक'. त्या वर्षांत अधीक्षक एकच होते.

गुरुवार, १२

बाबांना विचारलं. "कशाला जुनी मढी उकरतेस? चहा टाक." टाकला. दुसरं काय करणार!

शनिवार, १४

लेखिकाबाईंना फोन. म्हटलं, बाजाराचं प्रकरण फार गमतीदार आहे, तेच वाचा ना. त्यांनी ऐकून घेतलं. मग – "बाई, मी नववं वाचायलाच येतेय. त्याच वसतिगृहात. बाजाराचं काय, कुठेही वाचेन." मी कोणाची मुलगी ते सांगायला तोंड उघडलं – आणि गाडीची वेळ विचारली. भित्री कुठली!

सोमवार, १६

अध्यक्षांकडे जाऊन आले, वाचन रद्द करा म्हणायला. "पत्रिका वाटून झाल्या, बाई. आणि पंधरा मिनिटांत काय आभाळ कोसळतंय?"

दादाला फोनवर ते पान वाचून दाखवलं. "त्या दिवशी बाबांना घरात कोंडून ठेव," म्हणाला. मग त्याचं त्यालाच ऐकू आलं काय बोलला ते. फोन ठेवला.

शुक्रवार, २०

शेवटी पुस्तकच बाबांपुढे ठेवलं. चष्मा लावून वाचलं त्यांनी, दोनदा. "येणार मी." आणि सदऱ्याला इस्त्री करत बसले, स्वतः! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. देवा, उद्या मलाच ताप येऊ दे.

शनिवार, २१

झालं.

साठ खुर्च्या, तीसेक माणसं, पहिल्या रांगेत बाबा. लेखिकाबाईंनी आधी त्यांच्या बोलीत वाचलं. कुणाला ओ की ठो कळेना. मागे कुणीतरी उगाच खोकलं. मग मराठीत. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. मी गुच्छ धरून भिंतीशी उभी. संपलं तेव्हा टाळी नाही, काही नाही. बाबा उठले. वाटलं, आता माफी मागतील. मागू देत!

"वाचन स्वच्छ आहे तुझं," बाबा म्हणाले. "माझ्या वसतिगृहात राहिलीस ते वाया नाही गेलं."

लेखिकाबाईंनी पुस्तक मिटलं. "ओळखलं तुम्हाला, सर." एवढंच. अध्यक्षांची मला खूण – गुच्छ, गुच्छ! दिला. लाजेने मेले नाही इतकंच.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "तुम्ही बोलावलंत. या गावात मला कधीच कुणी बोलावलं नव्हतं." तेव्हाही नाही सांगितलं मी.

रविवार, २२

सकाळी चहा पिता पिता बाबा म्हणाले – "शुक्रवारी संध्याकाळीच किल्ली दिली होती तुझ्या हातात. म्हटलं, त्याला बाहेर काढ, आईला सांग जेवायला वाढायला. मला परगावी जायचं होतं. तू विसरलीस. लहान होतीस, म्हणून कधी कुणाला बोललो नाही."

सात वर्षांची होते मी. मला काही म्हणजे काही आठवत नाही. आणि बाबा खोटं बोलत नाहीत, हे जन्मभर गावभर मीच सांगत आलेय.