बदलीचा माणूस चढलाच नाही

मुलुंड, १२ मार्च १९५७

ती. श्यामदादास,
नीलाचा नमस्कार. वि. वि.

माझं आणि मधुकरांचं लग्न मेच्या अखेरीस ठरलं. सहदेवकाका म्हणतात, तुझ्यावाचून काही अडत नाही, भावाच्या जागी ते त्यांच्या नंदूला उभं करतील. मी सांगितलं, बाबा गेल्यावर मला शाळेत दादाने पोचवलं, सभेत पहिल्यांदा बोलले तेव्हा मागच्या रांगेत दादा होता. मांडवात दुसरा कोणी चालणार नाही. यावर काका म्हणाले, मुलगी घरातही भाषण करते. करते, आणि करीन.

बेटावर फुगे सोडून तू वारा मोजतोस, हे मी वर्गात मुलींना अभिमानाने सांगते. पण तुझ्या हवामान खात्याला एकदा विचारायचं आहे, माणूसही फुग्यासारखाच सोडून द्यायचा असतो का? पावसाळ्यात बोटी बंद होतात ना, मग त्याआधी ये.

लोभ आहेच, बोट चुकवून त्याची परीक्षा घेऊ नकोस.

तुझी,
नीला


बेटावरून, ९ एप्रिल १९५७

चि. नीलास अनेक आशीर्वाद.

येतो आहे. बदलीचा माणूस मंजूर झाला. चंद्रप्रकाश नाव, पहिल्या वर्गात पास. मेच्या मध्याला पावसाळ्याआधीची शेवटची बोट येते, तिच्यातून तो उतरेल आणि त्याच बोटीत मी चढेन. त्याला हाताला धरून शिकवायला आठवडा मागितला होता. साहेबांनी कळवलं, तो पुस्तक वाचून येतो. रोज सकाळी फुगा सोडायचा, ढगात शिरेपर्यंत दुर्बिणीतून पाहायचा, वरच्या वाऱ्याचे आकडे बिनतारीने कळवायचे, हे पुस्तकात आहे. मान धरते, ते नाही.

इथले मासेमार आधी फुग्याला हसायचे. आता होडी काढण्याआधी माझ्या दाराशी येतात. अंदाज चुकला की शिव्याही मलाच.

मधुकररावांना सांग, तुझ्याशी वाद घालण्याआधी पाणी पिऊन घ्यावं. आईला नमस्कार.

तुझा,
श्याम


बेटावरून, १६ मे १९५७

चि. नीलास आशीर्वाद.

बोट आली. चंद्रप्रकाश आला नाही. कप्तान म्हणाला, कोझिकोडच्या धक्क्यावर त्याने बोट डुलताना पाहिली आणि तिथूनच परत फिरला. खात्याने त्याची छाती तपासली, डोळे तपासले; बोट लागते का, एवढं कोणी विचारलं नाही. मी साहेबांना बिनतारीने विचारलं, आता काय करू? उत्तर आलं, योग्य वाटेल ते करा. हे लिहिणाऱ्याला एक पावसाळा इथे ठेवायला हवा.

ट्रंक बोटीवर चढवली होती, ती उतरवून घेतली. मी गेलो तर चार महिने वाऱ्याचा आकडा नाही, आणि उघडीप दिसली की होड्या बाहेर जाणारच. मासेमार किनाऱ्यावर उभे होते. थांब म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

हे पत्र तीच बोट नेते आहे. नंदूला उभं करा. हवं तेवढं रागाव, पण लग्न लांबवू नकोस.

श्याम


मुलुंड, ४ जून १९५७

ती. श्यामदादास नमस्कार.

हे पत्र कोझिकोडला पडून राहील आणि सप्टेंबरात तुला मिळेल. म्हणून मनसोक्त रागावते. तुला मध्येच तोडता येणार नाही.

तुझं पत्र लग्नाच्या आदल्या दिवशी आलं. मी फाडणार होते, आईने हातातून काढून घेतलं. तू बरोबर केलंस, म्हणूनच चीड जास्त येते. चुकला असतास तर सोलून काढलं असतं. चूक त्या साहेबाची आणि शिक्षा माझ्या मांडवाला, हा कुठला न्याय?

नवरदेवाचा कान पिळायला भटजींनी नवरीच्या भावाला हाक मारली. काकांनी नंदूला पुढे ढकललं. मी नको म्हणाले. भटजी म्हणाले, याशिवाय पुढे जाता येत नाही. काका म्हणाले, चारचौघांत शोभा करू नकोस. सभेत मला शब्द कधी कमी पडले नाहीत. तिथे नुसती मान हलवत राहिले. तेव्हा मधुकर म्हणाले, “हा कान श्यामसुंदरचा आहे. त्याला उशीर होईल, माझी हरकत नाही.” भटजींनी कुरकुरत पुढचे मंत्र सुरू केले. काका जेवायला थांबले नाहीत.

असल्या विधींविरुद्ध मी व्याख्यानं दिली आहेत, तू ऐकली आहेस. तरी सप्तपदी चालताना मी फाटकाकडे पाहिलं. समुद्रात एकही बोट नाही हे ठाऊक असून पाहिलं.

राग उतरला की लोभाचंही लिहीन.

तुझी,
काकांच्या मते अर्धीच सौ. नीला