लहान चाकाचा बैल

दादर, मुंबई
१२ नोव्हेंबर १९७३

ती. गंगूताईस,
जगदेवचा सा. न. वि. वि.

बाबा मला जऊळक्याच्या स्टेशनावर सोडून गेले, त्यानंतर पोहोचल्याचं एक कार्ड टाकलं आणि पुढे गप्प बसलो, म्हणून तू रागावली असशील. रागाव, पण आधी बातमी ऐक. मला काम लागलं. इथे दादरला एक लहानशी कंपनी आहे. ती टीव्हीवरच्या मुलांच्या कार्यक्रमासाठी छोटे छोटे चित्रपट करून देते. सध्या मी पाट्या रंगवतो, नावं लिहितो आणि साहेबांचा चहाही आणतो, पण कात्री माझ्या हाती आली आहे.

टीव्ही म्हणजे काय ते बाबांना तूच समजावून सांग. रेडिओला काचेचं तोंड लावलं तर कसा दिसेल, तसा. मुंबईत गेल्या वर्षी आला. आपल्याकडे कधी येईल देव जाणे.

आमचं काम असं. जाड कागदाचे हात, पाय, डोकं वेगवेगळं कापायचं आणि दोऱ्याने जोडायचं. वर कॅमेरा टांगलेला. पाय केसभर सरकवायचा, एक फोटो घ्यायचा. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. दिवसभर मान मोडली की बाहुलं अंगणातून ओसरीवर पोहोचतं. पण ताई, जेव्हा ते चालतं ना, तेव्हा मान दुखलेली आठवत नाही.

साहेब म्हणाले की ससा, कोल्हा आणि राजा यांना पोरं कंटाळली, काही नवं सुचव. मी तान्हा पोळा सांगितला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडची लेकरं लाकडाचे बैल दोरीने ओढत घरोघर नेतात आणि लोक त्यांना बोजारा म्हणून खाऊ देतात, हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. तेव्हा माझ्या मनात आपला डुगडुग्या उभा राहिला. बाबांनी मला करून दिलेला तो बैल अजून घरात आहे का? असेल तर त्याचं चाक न् चाक नीट पाहून लिही. तुझ्या आशीर्वादाचा हात असाच डोक्यावर राहो.

तुझा,
जगदेव


आसेगाव
२ डिसेंबर १९७३

चि. जगदेवास गंगूचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र पावलं. तुझ्या भाऊजींनी शिलाईची मशीन थांबवून ते दोनदा ऐकलं. सासर-माहेर एकाच गल्लीत असल्याचा हाच फायदा, लगेच जाऊन बाबांनाही वाचून दाखवलं. रेडिओला काचेचं तोंड म्हटल्यावर बाबा म्हणाले की तो रेडिओ आधीच काय कमी बोलून राह्यला, त्याले अजून तोंड कायले पायजे! आणि मॅट्रिक होऊन, ड्रॉइंगच्या परीक्षा देऊन तू कागदाची बाहुली कापतोस हे ऐकून त्यांनी पानाला चुना जरा जास्तच लावला.

डुगडुग्या आहे. गोठ्याच्या माळ्यावर टोपल्याखाली. तीन चाकं सारखी आणि पुढचं एक लहान. ते का लहान, हे तुला ठाऊक नसेल, तू केवढासा होतास. बाबा तेव्हा सालदार होते. पोळ्याला मालकाचे बैल सजवायचे आणि स्वतःच्या दाराशी एकही बैल नाही, म्हणून तुझ्यासाठी लाकडाचा करायला बसले. बाभळीच्या फांदीच्या चकत्या कापून तीन चाकं निघाली आणि फांदी निमुळती झाली. दुसरी फांदी मालकाच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच्या झाडाला, आणि विचारल्याशिवाय परक्याच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही हा बाबांचा नेम. त्या निमुळत्या टोकाचंच चौथं चाक केलं. तान्ह्या पोळ्याला सगळे पोट्टे हसले. तू त्यांच्यासोबत हसत हसत बैल ओढत गेलास. बाबा मात्र आत जाऊन बसले, आई तेव्हा होती, ती बोलवायला गेली तरी आले नाहीत. आजही कोणी त्या बैलाचं नाव काढलं की ते बोलणं दुसरीकडे नेतात. तेव्हा काय करायचं ते जपून कर.

मंगरूळपीरच्या शाळेत ड्रॉइंग मास्तरची जागा निघणार असं ऐकू येतं. बाबांचा जीव त्यात अडकला आहे. लोभ आहेच, तो आटू देऊ नको.

तुझी,
गंगूताई


दादर, मुंबई
१८ फेब्रुवारी १९७५

ती. गंगूताईस,
सा. न. वि. वि.

मध्ये वर्ष निघून गेलं. मास्तरची जागा निघाली, भरली नाही, पुन्हा निघणार, हे सगळं तुझ्या पत्रांतून कळत होतं आणि मी दर वेळी विषय टाळत होतो. आता टाळत नाही. ताई, डुगडुग्या चालू लागला आहे.

कागदाचा बैल केला. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, पायांखाली चार चाकं आणि पुढचं एक लहान. त्याला चालवायला मला दीड महिना लागला. लहान चाकाची पाळी आली की अंग कलतं, पुन्हा सावरतं. हे कलणं जमेना. शेवटी फळकुटाला चाकं लावून खोलीभर ओढत फिरलो. शेजारच्या गोमतीबाईंनी विचारलं की पोरगं कुठे आहे, एकटाच काय खेळता.

साहेबांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. त्यांचं म्हणणं, लोकांना वाटेल की आमचा माणूस शिकाऊ आहे, त्याला बैल सरळ चालवता येत नाही. चाक मोठं कर म्हणाले. मी म्हणालो की बैल चालेल तर असाच चालेल. त्यांनी आवाज चढवला, मी चढवला नाही, पण हललोही नाही. एरवी मी वाद घालत नाही, तुला माहीत आहे, तुझ्यापुढे तर कधीच जिंकलो नाही. पण हे चाक सरळ केलं तर तो कुणाचाही बैल होईल, आपला राहणार नाही. शेवटी ते म्हणाले की एकदा दाखवू, पोरांना नाही आवडला तर तू तुझ्या बैलासकट गावी जा.

बाबांना सध्या यातलं काही सांगू नको. पोळ्याच्या सुमारास दाखवणार आहेत, मग मीच सविस्तर लिहीन. घरच्या सर्वांस नमस्कार, आणि तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझा,
जगदेव


आसेगाव
१२ सप्टेंबर १९७५

चि. जगदेवास अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधी तुझी बातमी आली, आणि वाईट वाटेने आली. तांड्यावरचा भाऊसिंग मुंबईत सडकेच्या कामावर असतो. पोळ्याला घरी आला होता. एका दुकानाच्या काचेतून त्याने तुझा बैल पाहिला म्हणे. बिचाऱ्याने कौतुकानेच सांगितलं, पण सांगितलं कुठे, तर एस्टीच्या थांब्यावर, चारचौघांत. म्हणाला की उकंडरावच्या जगदेवनं बापाचा तो लंगडा बैल टीव्हीत घातला, अख्खी मुंबई पोट धरधरून हसून राह्यली होती.

बाबा तिथेच उभे होते. घरी आले, माळ्यावरून डुगडुग्या काढला, गोणपाटात बांधला आणि कोठीत ठेवून दिला. जेवले नाहीत. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले की गावचे पोट्टे हसले ते कमी होतं काय, काहून त्यानं मंबईलेबी माह्यावर हसवलं. मास्तरची जागा दिवाळीनंतर भरणार आहे. येत असेल तर येऊ द्या, नाही तर त्याचं नाव माझ्याजवळ काढू नका, असं सांगून भिंतीकडे तोंड करून पडले.

जगदेव, मी तुझ्या बाजूची आहे, पण त्यांचं तोंड पाहवत नाही. बापाची लाज अशी बाजारात न्यायची होती तर आधी त्यांना दोन शब्द विचारायचे होतेस. मलाही बाबांना सांगू नको म्हणालास आणि मी मुकाट ऐकलं, त्याचा आता राग येतो. यापुढे तूच लिही, आणि त्यांनाच लिही.

तुझी,
गंगूताई


दादर, मुंबई
३ ऑक्टोबर १९७५

तीर्थरूप बाबांच्या चरणी,
जगदेवचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र ताई वाचेल. पूर्ण होईपर्यंत उठून जाऊ नका, एवढी विनंती.

आधी तुम्हाला विचारलं नाही, ही माझी चूक झाली. पण बैल दाखवला ही चूक झाली असं मी म्हणणार नाही. भाऊसिंगनं खरं सांगितलं, पोरं हसली. पण त्याने दुकानापुढून जाता जाता अर्धंच पाहिलं. पुढचं मी सांगतो.

मी लहान असताना मंगरूळपीरच्या उरुसात हरवलो होतो, आठवतं? डुगडुग्याची दोरी माझ्या हातात होती. गर्दीत तुमचा हात सुटला. मी घाबरलो आणि बैल ओढत नुसता फिरत राहिलो. दर्ग्यामागच्या गल्लीत तुम्ही मला पाठीमागून उचललं. आईने विचारलं की इतक्या लोकांत सापडलं कसं, तेव्हा तुम्ही म्हणालात की म्या पोट्टं नाही शोधलं, चाक वाजत होतं तिकडं गेलो. खर्रर्र टुक, खर्रर्र टुक. चार चाकं सारखी असती तर बाकीच्या बैलांसारखंच वाजलं असतं.

माझ्या चित्रपटात तेच आहे. पोरगं जत्रेत हरवतं, सगळे त्याच्या बैलाला हसतात, आणि शेवटी त्याचा बाप त्या चाकाच्या आवाजावरून त्याला शोधतो. तेव्हा कोणी हसत नाही. मुलांची पत्रं आली आहेत. डुगडुग्या पुन्हा कधी येणार, असं विचारतात.

मास्तरच्या जागेसाठी मी येणार नाही. तुम्हाला वाईट वाटेल हे जाणून लिहितो आहे. मला हेच काम करायचं आहे आणि आयुष्यभर करायचं आहे.

तुमच्याकडे टीव्ही नाही, म्हणून सोबत कागदांचा एक शिवलेला गठ्ठा पाठवतो. पानोपानी बैल काढला आहे. डाव्या हातात धरून उजव्या अंगठ्याने पानं भरभर सोडा, तो चालेल. तुम्ही नाही पाहिला तर तो माझ्या लेखी अजून चाललाच नाही. पायांशी जागा असू द्यावी.

आपला आज्ञाधारक नसलेला, पण आपलाच,
जगदेव


आसेगाव
९ नोव्हेंबर १९७५

चि. जगदेवास अ. उ. आ. वि. वि.

पत्र वाचलं तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून होते, पण उठून गेले नाहीत. गठ्ठा मी त्यांच्या उशाशी ठेवला. त्यांनी हात लावला नाही. मग मीच धरला, आणि मेला तुझा बैल उलटा चालायला लागला! शेपटीच्या दिशेने सरसर मागे. मला हसू आवरेना. शेजारच्या प्रयागबाईची लेकरं दारात आली, त्यांना दाखवायच्या नादात एकदाचा सुलटा धरायला जमला. मग काय, सारी गल्ली अंगणात जमली. प्रत्येकाला आपल्या अंगठ्याने बैल चालवून पाहायचा होता. तुझे भाऊजीदेखील रांगेत उभे राहिले, आता बोल.

दोन-तीन दिवस असंच चाललं. बाबा खाटेवर पाठ करून पडलेले. काल प्रयागबाईची धाकटी त्यांच्या खाटेलाच टेकून पानं सोडत बसली होती. बैल चालत होता आणि मला एकाएकी आवाज आला. खर्रर्र टुक. मी चुलीपुढून उठून पाहिलं. बाबांनी कूस बदललेली, डोळे पोरीच्या हातातल्या पानांवर, आणि बैल कलला की बोटाचं पेर खाटेच्या लाकडावर मारायचे. टुक. नेमकं. पोरीला वाटलं कागदच वाजतो, ती पानं उलटून मागे पाहायला लागली. मी आत येऊन पदराने डोळे पुसले, धूर होता म्हणून नव्हे.

रात्री जेवताना म्हणाले की त्याले लिहून दे, मास्तरची जागा दुसरं कोणी घेईन. बस, एवढंच. पुढचं तूच समजून घे. तब्येतीला जप, आणि जेवणाची वेळ चुकवू नको.

तुझी,
गंगूताई


दादर, मुंबई
२२ जुलै १९७६

ती. गंगूताईस,
सा. न. वि. वि.

नव्या भागांचं काम आलं आहे. वर्षभर पुरेल इतकं. पण साहेबांनी पुन्हा तोच सूर लावला, की आता बैल नावारूपाला आला, आता त्याला नीट चाकं बसव, पोरं बघून वेडंवाकडं शिकतील. मी कात्री त्यांच्या टेबलावर ठेवली आणि काम सोडून खोलीवर आलो. सध्या दुकानांच्या पाट्या रंगवतो. माझी काळजी करू नको, मला धास्ती नाही. साहेब माणूस चांगला आहे, फक्त त्याला कोणी लाकडाचा बैल करून दिलेला नाही. पाहू, आधी कोण वाकतं.

बाबांना या वेळी सगळं सांग. आता त्यांच्यापासून लपवायचं नाही, असं मी ठरवलं आहे. तुमची सर्वांची आठवण हीच माझी शिदोरी.

तुझा,
जगदेव


आसेगाव
२९ ऑगस्ट १९७६

चि. जगदेवास अ. उ. आ. वि. वि.

साहेबांनी हात टेकले आणि नवे भाग लहान चाकासकटच होणार, हे तुझं कार्ड परवा, ऐन तान्ह्या पोळ्याला आलं. आता इथलं ऐक.

पोळ्याच्या आठवडाभर आधीपासून लेकरं बाबांकडे यायला लागली. प्रत्येकाच्या काखेत आपापला बैल आणि एकच मागणं, आजोबा, याचं एक चाक लहान करून द्या. बाबांना आधी वाटलं चिडवतात. ते ओरडले, पोट्टे पळाले आणि परत आले. मग पटाशी घेऊन बसले ते बसलेच. उदयसिंग सावकाराच्या नातवाकडे अकोल्याहून आणलेला बैल, पितळी चाकांचा. तोही रडत आला की माझाच बैल सरळ चालते, मले कोणी सोबत घेत नाही. पितळेला पटाशी लागेना, तर बाबांनी ते चाक काढून त्या जागी बाभळीचं लहानसं बसवून दिलं. सावकार स्वतः न्यायला आले होते, पाहत राहिले.

परवा अख्खी वरात आपल्या दारावरून गेली. एकही बैल सरळ नव्हता. खर्रर्र टुक, खर्रर्र टुक, सगळी गल्ली वाजत होती. बोजारा द्यायला बाबा स्वतः दारात उभे राहिले. तुझ्या लहानपणीच्या तान्ह्या पोळ्याला आत जाऊन बसलेले बाबा मला आठवले, तुलाही आठवावेत म्हणून लिहिते.

आणि ऐक. कोठीतला डुगडुग्या त्यांनी गोणपाटातून काढला, पुसला आणि तुझ्याकडे पाठवायला भाऊसिंगच्या हाती दिला आहे. साहेबांच्या टेबलावर ठेव म्हणाले. मी चाकांना तेल घालायला घेतलं, तर बाटली हातातून काढून घेतली. तुला निक्षून सांगायला लावलं आहे की त्याले तेल घालजो नको, आवाज जाईन, अन् मंग एवढ्या मोठ्या मंबईत आमी तुले शोधाव कसं.

सगळ्यांचा लोभ आहे, त्यालाही तेल लागत नाही.

तुझी,
गंगूताई