अस्वल, दयाळ आणि माझं एक वाक्य

सोमवार, ६ एप्रिल, संध्याकाळ

चौथीतली रुक्मा सुखरूप आहे. आधी हे लिहिते, मग बाकीचं.

शनिवारी चौथीच्या वर्गाला अस्वल आणि दयाळ पक्षी यांची तुलना शिकवली. अस्वल वारूळ फोडून वाळवी ओढतं, दयाळ एकेक किडा टिपतो. इथवर ठीक. मग बोलून गेले, "दोघंही किडे खातात, म्हणजे माणसाला दोघांपासूनही धोका नाही." कशी बोलले मी हे? अब्बांनी घरी शिकवताना बजावलं होतं, न पाहिलेलं ठामपणे सांगू नये. बाळापूर शहरात वाढलेली मी, अस्वल कुठे पाहिलेलं असणार!

रविवारी आठवलं, इथली पोरं पहाटे मोहफुलं वेचायला जंगलात जातात. अस्वलंही त्याच फुलांसाठी येतात. दिवसभर ते एकच वाक्य डोक्यात. आज हजेरीला रुक्मा नव्हती, आणि मी हजेरी अर्धवट टाकून दारात जाऊन उभी राहिले.

मधल्या सुट्टीत तिची आई तिला घेऊन आली. वेचून दमली, झोपूनच राहिली म्हणे. मी रडतच चूक कबूल केली, तर आई हसत सुटली.

"काहून रडून राहिल्या बाई? तुमच्या भरोशावर जंगलात जातो का आमी? मोहाखाली बोलत, खाकरत जा लागते. आवाज आला का अस्वल आपल्या वाटेनं जाते. गुपचूप गेलं का मंग फाडते!"

तेच मी आईला वर्गात सांगायला लावलं. सगळा वर्ग खाकरून दाखवू लागला. मीही खाकरले.