रुबार्बच्या पानांची उशी

हेब्डन ब्रिज,
१२ जून १९७४

ती. हेस्टरताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितोय, अक्षर गोड मानून घे. काल आमच्या चॅपलची सहल तुमच्या ऑल्डचर्चला आली होती. तुला चकित करावं म्हणून मुद्दामच कळवलं नव्हतं. पाहतो तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, बाई समुद्रावर मैत्रिणीकडे गेल्यात. म्हटलं, चंगळ आहे बुवा! मग बस सुटेपर्यंत तुमच्या कॅथीड्रलमध्ये जाऊन बसलो.

मान वर करून ते जुने दगडी खांब बघत होतो, तेवढ्यात हातातली पेपरमिंटची डबी निसटली. ती उचलायला वाकलो तर समोर प्रार्थनेला गुडघे टेकायची उशी. बाकीच्या उशांवर लिली, कोकरं, मुकुट. हिच्यावर आपल्या बाबांच्या परसातला रुबार्ब, ती आंबटढाण भाजी, लाल देठांसकट! देवाच्या घरात रुबार्ब घुसवणारी बाई जगात एकच. कौतुकाने उशी उचलली, तर कडेला लोकरीने भरलेलं: हेस्टर थॅक्रे, १९०८–१९७४.

ताई, मी फरशीवर बसकणच मारली. रखवालदाराने पाणी दिलं आणि सांगितलं की माणूस गेलं की त्याच्या नावाने अशी उशी ठेवतात. अगं, तू तर गेल्या आठवड्यात मला मोजे विणून पाठवलेस! ही कसली थट्टा? उलट टपाली कळव.

तुझा घाबरलेला,
क्लेम

ऑल्डचर्च,
१६ जून १९७४

चि. क्लेमंटास,
अ. उ. आ.

थट्टा नाही रे. त्या दिवशी मी समुद्रावर नव्हते, इस्पितळात होते. पोटात गाठ आहे. नाताळ काही दिसणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

आमच्या भरतकाम मंडळात माझ्यामागे आकडे भरणार त्या मिसेस बॅटर्सबी. त्यांचा सात पाहिलास तर वाटेल, दारू पिऊन उभा आहे. पुढची शंभर वर्षं लोकांनी माझ्या नावाच्या त्या वाकड्या साताशेजारी गुडघे टेकायचे? माझ्याच्याने ते सोसवेना. म्हणून जाण्याचं साल मीच भरून टाकलं. मंडळाने घाई करून उशी बाकाखाली ठेवलीसुद्धा. तू पडलास चॅपलवाला, तुमच्यात प्रार्थना बसूनच; जन्मात कधी गुडघे टेकले नाहीस. तुला दिसेल असं स्वप्नातही आलं नाही. सांगायला हवं होतं, पण तुझा चेहरा डोळ्यांपुढे येई आणि धीर होत नसे. रागावू नकोस.

तुझी,
हेस्टर

हेब्डन ब्रिज,
१८ जून १९७४

ती. हेस्टरताईस,
सा. न. वि. वि.

रागावू नको तर काय करू? मला इतका राग आलाय की रडू फुटतंय. जन्मात तू कुठे वेळेवर पोचली आहेस? स्वतःच्या लग्नालासुद्धा पाद्रीबुवांना ताटकळत ठेवलंस. आणि हीच एक गोष्ट मेली वेळेवर करायची? तो चार उसव, आत्ताच्या आत्ता. शनिवारी मी सामान घेऊन तुझ्याकडे राहायला येतोय. नाही म्हणू नकोस.

तुझाच,
क्लेम

ऑल्डचर्च,
५ मे १९७५

सौ. बॅटर्सबीबाईंना,
स. न. वि. वि.

ताईच्या अंत्यविधीला आपण केलेली फुलांची मांडणी तिला नक्की आवडली असती. नाताळ तिने पाहिला, केकही खाल्ला आणि डॉक्टरांवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. नव्या वर्षाच्या सकाळी तिने उशी मागवली, तो चार स्वतः उसवला, आणि सुई माझ्या हातात दिली. पलंगावरून ती टाके शिकवी आणि मी चुकलो की हसून हसून तिला खोकला येई. ती जागा मात्र तिने शेवटपर्यंत रिकामी ठेवायला लावली.

काल तिथे पाच भरला. तो आपल्या सातापेक्षाही वाकडा झालाय. आपला हात शिवशिवेल, पण कृपा करून तो उसवू नका. उशी मी जागेवर ठेवली आहे, आणि भक्कम आहे की नाही ते गुडघे टेकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आमच्या चॅपलमध्ये कुणाला सांगू नका.

ताईवर होता तसाच लोभ या वेंधळ्यावरही असू द्यावा.

आपला,
क्लेमंट