तुळशीला काळी माती

२ मार्च
आलो एकदाचे! बेडोकच्या फ्लॅटला रामराम ठोकून बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोत. बाल्कनी आहे, खाली पोहायचा तलाव आहे आणि माझी लॅब चालत जाण्याइतकी जवळ. दोन वर्षं घरात माशा मारल्यावर उद्यापासून माझ्याही गळ्यात ऑफिसचं कार्ड लटकणार. खोकी मी उचलली, सूचना प्रबोधने दिल्या. नवरा-बायकोतली ही वाटणी जुनीच आहे. प्रायमरी वनमधल्या, म्हणजे पहिलीतल्या, आमच्या किमयाने सगळ्या खोल्या धुंडाळून निकाल दिला, की धिस हाऊस कॅन, ला! इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणजे, घर चालेल. तुळस मात्र टॅक्सीत माझ्या मांडीवरच मलूल झाली. दोनचार पानं धरून आहे बिचारी.

६ मार्च
मी काम काय करते, तर माती गरम करते. प्रबोध म्हणतो, एवढं शिकून शेवटी चुलीपुढेच बसलीस. स्वतः रोज जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत तेल उकळतो, ते बरं चालतं! पण ही माती साधी नाही. कॅनडा, फिनलंड, सायबेरियाच्या दलदलींतलं हे पीट. तिथे मेलेलं शेवाळ थंडीत, पाण्याखाली नीट कुजतच नाही; थरावर थर साचत जातो आणि हवेतून घेतलेला कार्बन हजारो वर्षं पोटात धरून बसतो. जगातल्या जंगलांच्या तोडीचा साठा आहे तो. दलदल तापली, सुकली, की हे सगळं पुन्हा हवेत. किती आणि किती वेगाने, ते आम्ही बरणीत माती उबवून मोजतो.

१३ मार्च
एक नमुना वेडाच निघाला. बाकीच्या बरण्या ऊब मिळताच कार्बन डायऑक्साइड सोडतात; हा बरणीतला होता तोही ओढून घेतो. अंधारात, एकही हिरवं पान नसताना. आमच्या प्रमुख मिसेस टॅन म्हणाल्या, यंत्र बिघडलं असेल. त्यांनी एक बरणी चालू ठेवायला सांगितली, उरलेली माती भट्टीत जाळायला. मला जाळवेना. हजारो वर्षं जपलेली माती, आणि माझी तुळस तिकडे मरतेय. मूठभर माती टिफिनच्या डब्यात घालून घरी आणली. नियमात बसत नाही, पण तुळशीसाठी कोण मला फासावर देणार आहे?

२२ मार्च
तुळस अशी फोफावली की प्रबोधही बघत राहिला. पानं जाड, जवळजवळ काळी. किमयाला खोकला झाला होता. रोज सकाळ-संध्याकाळ तुळशीचा रस मधातून चाटवला. तो आता पार थांबला. प्रबोधला मी ऐकवलंच, की तुझी सिरपं ठेव कपाटात.

३० मार्च
रसासाठी आठवड्यापूर्वी खुडलेली पानं ओट्यावर तशीच ताजी आहेत. सुकलेली नाहीत, काळवंडलेली नाहीत.
किमया शाळेत पडली होती. गुडघ्यावरच्या खरचटलेल्या जागी खपली धरत नाही, पू नाही, दुखतही नाही म्हणते. भूक लागत नाही. एवढ्या उकाड्यात पाय थंडगार. मला हे आवडत नाहीये.

२ एप्रिल
दुपारी ती झोपली असताना शेजारी बसले. छाती वर आली. खाली जाईचना. कितीतरी वेळाने पुन्हा थोडी वर आली.
लॅबमधलं कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र आणून तिच्या खोलीत लावलं, दार-खिडक्या बंद केल्या. दोन माणसं श्वास सोडताहेत म्हटल्यावर आकडा चढायला हवा. तो उतरत गेला.
ती घेते. सोडत नाही.
तुळस उपटून कचऱ्याच्या शूटमध्ये टाकली. लागायचं ते पाप लागो.

३ एप्रिल
पॉलिक्लिनिकच्या डॉक्टर म्हणाल्या, अंग फार गार आहे, नाडी मंद आहे, ऊब द्या; फरक पडला नाही तर उद्या हॉस्पिटलमध्ये न्या. प्रबोध लगेच रजया काढायला लागला.
मी मात्र लॅबमध्ये धावले, चालू ठेवलेल्या त्या बरणीकडे. सकाळी ती फुटली होती. इतके दिवस ऊब सोसली, मग धरलेलं सगळं एका दमात सोडलं. काचा भिंतीपर्यंत उडाल्या होत्या. मातीच्या जागी चमचाभर भुकटी.
माझ्या लेकीला ऊब देऊ देणार नाही. मी तिला मरू देणार नाही.

४ एप्रिल
किमयाच्या खोलीत आहोत दोघी. आतून कडी लावली आहे. एसी जेवढा गार होतो तेवढा केला, तिच्या अंगावर ओले टॉवेल घातले. गार राहिली तर राहील. अशीच, पण राहील.
प्रबोध बाहेरून दार ठोकतोय. रडतोय. म्हणतो, चैत्राली, पोरीला गारठवून मारशील. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणतो, तू दमली आहेस.
किमया डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघते. बोलायला श्वास सोडावा लागतो, म्हणून बोलत नाही. माझं बोट मात्र घट्ट धरलंय.

एसी बंद पडला. त्याने मेन स्विच—
प्रबोध, नको रे. लाव परत. पाया पडते—

खोली तापतेय. टॉवेल कोमट झाले. पाणी संपलं. तिच्या कपाळाला हात लावला, तर—
गरम.

सोडला! किमूने श्वास सोडला! केवढा मोठा, देवा—
ओल्या शेवाळाचा वास येतोय.
अजून सोडतेय. छाती पार खाली गेली, तरी—
पडदे हलताहेत.
बोटावरची पकड सैल—
किमू, पुरे गं. आता घे. आत घे, बाळा, थोडा तरी—
अजून सोडते—