चाकापुढचा दगड

लेकीच्या घरून, ४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं तर तू "काय? काय?" करत सारी गल्ली गोळा करशील, म्हणून लिहिते. आम्ही सगळे सुखरूप आहोत. गाडी मात्र तळ्यात गेली.

निजायची-शिजवायची सोय असलेली भाड्याची मोठी गाडी घेऊन लेक, जावई, नात आणि मी भटकायला निघालो होतो. बाबांच्या त्या हँडब्रेक नसलेल्या टेम्पोनं लावलेली सवय काही सुटत नाही. गाडी थांबली की मी उतरून चाकाला दगड लावते. लेक हसायची. जावईबापूंनी मात्र ते इतकं मनावर घेतलं, की सासूबाईंचा दगड आहे म्हणून हँडब्रेक ओढायचंच सोडून दिलं. मला वाटत होतं, परदेशातली नवी गाडी, ब्रेक असणारच, दगड आपला शोभेला. गेल्या आठवड्यात सकाळी तंबूची खुंटी ठोकायला हाताशी काही मिळेना, म्हणून चाकापुढचा दगड काढला. गाडी उतारावरून सावकाश, कुणाला भेटायला निघाल्यासारखी गेली आणि काचांपर्यंत पाण्यात जाऊन उभी राहिली. नात तेव्हा बापाबरोबर नळावर गेली होती. तंबू ओढताना माझा खांदा जरा दुखावला, एवढंच.

हँडब्रेक ओढला नाही ही चूक आपली, असं जावई म्हणाले. लेक पाठ फिरवून भांडी घासायला गेली. तेव्हापासून मी नातीला उचलायला गेले, की लेक पुढे होऊन स्वतः घेते. मी इथे कायमची आले ती या पोरीला सांभाळायला. तेच काम काढून घेतलं, तर राहू कशाला? परत येऊ का, ते कळव.

तुझी माया आहे म्हणून विचारते आहे.
बारकी


दुकानातून, १७ जून

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं तेव्हा एक शिलाई मशीन उघडून बसलो होतो. तुझी गाडी पाण्यात शिरली तिथे असा काही हसलो, की हातातला स्क्रू उडाला तो गेलाच. गिऱ्हाईक अजून मशीनची वाट बघतंय.

आता मुद्द्याचं. जिथे आपल्यावर विश्वास नाही तिथे राहू नये, मग ती पोटची लेक का असेना. सरळ निघून ये. माडीवरची खोली झाडून घेतली आहे, गादी उन्हात टाकली आहे. एकट्यापुरता स्वयंपाक करायचा कंटाळा येतो, मी बहुतेक वेळा ओट्यापाशी उभ्यानंच जेवतो. तू आलीस की बसून जेवेन.

तिकीट काढलंस की लगेच कळव. वाट पाहतो.
दादा


२८ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यापासून आई बॅग भरते आहे. तुम्ही काय लिहिलंत ते तिनं दाखवलं नाही, पण तिनं तुम्हाला काय लिहिलं असेल याचा अंदाज आहे. तंबू ओढताना खांदा दुखावला, असंच ना? डॉक्टरांनाही तिनं तेच सांगितलं.

मामा, मी पाहिलं आहे. गाडी सुटली तेव्हा पिल्लू आत झोपलीय असं तिला वाटलं. ती धावत गाडीपुढे गेली आणि खांदा लावून उभी राहिली. केवढी ती गाडी, आणि केवढीशी आमची आई! पाय घसरून बाजूला पडली, म्हणून वाचली.

मी रागावलेली नाही हो. तिच्याशी बोलायला गेलं की तेच डोळ्यांपुढे येतं, मग रडू फुटायच्या आत मी भांडी घासायला घेते. डॉक्टरांनी मला बजावलंय की खांद्यावर ओझं पडता कामा नये, म्हणून पिल्लूला मी उचलते. हे तिला नीट सांगायला हवं होतं, माझ्याच्यानं झालं नाही. तिनं राहावं असं मला फार वाटतं. पण ती आजवर ऐकत आली ते फक्त तुमचं.

मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं.
तुमची भाची


दुकानातून, ९ जुलै

चि. बारकीस,
आधी आशीर्वाद, मग शिव्या.

खोटं बोलायचं तर निदान पटेल असं बोलावं. तंबू ओढून खांदा जातो होय? लेकीनं सगळं लिहिलं आहे. बाबांच्या टेम्पोलासुद्धा आपण दगड लावायचो, माणूस नाही.

पोरगी रागावलेली नाही, घाबरली आहे. नातीला उचलू देत नाही ती तुझ्या खांद्यापायी, डॉक्टरनं सांगितलं म्हणून. तुम्ही मायलेकी एका छपराखाली राहून एकमेकींच्या मनातलं माझ्याकडून कळवून घेता, धन्य आहे तुमची! हे पत्र तिला समोर बसवून मोठ्यानं वाच.

आता माझं. तुझा अपमान झाला म्हणून मला राग आला आणि मी तुला ये म्हटलं, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. राग कसला, आनंद झाला होता. गाडी बुडाल्याचं वाचत होतो आणि मनात म्हणत होतो, बारकी परत येणार. खांदा दुखावल्याचं तू लिहिलं होतंस. ती ओळ मी वाचली आणि तुला साधं विचारलंसुद्धा नाही.

बॅग रिकामी कर. येऊ नकोस.

तुझा लोभ आहेच. इतक्या लांबून पुरवून पुरवून वापरीन.
तुझा दादा